तहानेची उतरंड

दुष्काळाचे प्रकार तीन. राष्ट्रीय कृषी आयोगाने १९७६ साली ते सांगितले आणि तेव्हापासून भूगोलाच्या पुस्तकापासून स्पर्धा परीक्षेच्या गाईडापर्यंत सगळे ते पाठ करतात. पहिला हवामानाचा दुष्काळ, म्हणजे पाऊसच कमी पडला. दुसरा जलशास्त्रीय, म्हणजे नद्या, तलाव, विहिरी आटल्या. तिसरा शेतीचा, म्हणजे जमिनीतली ओल गेली आणि पीक करपलं. पुढे अभ्यासकांनी चौथा जोडला, सामाजिक-आर्थिक दुष्काळ. म्हणजे पाण्यावाचून बाजार कोसळला, काम गेलं, माणूस गाव सोडून निघाला.

या विद्येला मी नावं ठेवत नाही. मोजल्याशिवाय भांडता येत नाही, हे आपल्याला बाबासाहेबांनीच शिकवलं. पण माझा एक प्रश्न आहे आणि तो हवामानाचा नाही, नीतीचा आहे. विहिरीत पाणी आहे, काठावर बाई उभी आहे आणि तिची घागर रिकामी आहे. हा कुठल्या प्रकारचा दुष्काळ? पर्जन्यमापक सांगेल, पाऊस बरा झाला. विहिरीचा दोर सांगेल, पाणी चार परस आहे. मग ही बाई तहानलेली कशी? आणि तिच्या तहानेचा जाब कुणाला विचारायचा?

आधी आभाळाचा हिशेब नीट करू. आपण व्यवस्थेला शिव्या घालताना तो हिशेब सोडून देतो, मग समोरचा म्हणतो, ह्यांना शेतीतलं काय कळतंय. सातारा जिल्हा घ्या. मी त्याच जिल्ह्याच्या माणदेशी कडेचा. अरबी समुद्रावरून येणारे नैऋत्य मोसमी वारे सह्याद्रीला धडकतात, वर चढतात, थंड होतात आणि आपलं ओझं तिथंच टाकतात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. डोंगर ओलांडला की तेच वारे खाली उतरतात, तापतात आणि कोरडे होतात. म्हणून माण-खटावच्या वाट्याला साडेचारशे-पाचशे मिलिमीटर. सरळ रेषेत शंभर किलोमीटरही अंतर नाही आणि पाऊस दहा पटींनी कमी. याला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. ज्याने हे नाव ठेवलं त्याला या सावलीत मे महिना काढावा लागला नसणार.

तोही पाऊस वेळेवर येईल याचा भरवसा नाही. आमच्याकडे मृगापेक्षा परतीच्या पावसावर डोळा असतो. उत्तरा-हस्त बरसले तर रब्बीची ज्वारी, नाहीतर कडबासुद्धा नाही. वर्षाची सरासरी भरली, पण ती चार दिवसांत पडून ओढ्याने निघून गेली, तर कागदावर दुष्काळ नाही आणि रानात आहे. त्यात खाली काळा कातळ. राज्याच्या ऐंशी टक्क्यांहून जास्त भूभागाखाली हा कातळ आहे. त्यात पाणी राहतं ते भेगांत आणि वरच्या मुरमात, त्यामुळे साठा थोडा. माघ सरला की आड तळ दाखवतात. एवढं सगळं निसर्गाचं. इथपर्यंत कुणावरही खटला भरता येत नाही, आणि मी भरणारही नाही.

पण इथून पुढे पायऱ्या सुरू होतात, आणि प्रत्येक पायरीवर माणसाचा हात वाढत जातो.

त्याच सातारा जिल्ह्यात कोयनेचं धरण आहे. साठा सुमारे १०५ टीएमसी. कोयनेचं पाणी खरं तर कऱ्हाडला कृष्णेत यायचं. त्यातलं मोठं पाणी डोंगर पोखरून पश्चिमेला वळवलं, त्यावर वीज केली आणि ते वाशिष्ठीतून समुद्राला गेलं. वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसी पाणी असं वळवायला बच्छावत लवादाने मुभा दिली. विजेची गरज होती, मान्य. हे पाणी आपोआप माणात चढलं असतं असंही नाही. पण कुठलं पाणी कुठे न्यायचं, त्यासाठी डोंगर फोडायचा की पंप बसवायचा, हे ढग ठरवत नाहीत. डोंगर फोडून पाणी समुद्राला नेणं शक्य होतं, आणि चढावर माणदेशात आणणं मात्र कित्येक वर्षं 'व्यवहार्य' नव्हतं. व्यवहार्य हा शब्द कोण कुणासाठी वापरतो ते बघत जा.

ऊस बघा. राज्याच्या लागवडीखालच्या जमिनीत त्याचा वाटा अगदी थोड्या टक्क्यांचा, आणि सिंचनाचं निम्म्याहून जास्त पाणी तो एकटा पितो. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला आगगाडीने प्यायचं पाणी न्यावं लागलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्याआधी मार्चमध्ये लातुरात पाणी भरण्याच्या जागांभोवती जमावबंदी लावली होती. पाण्यासाठी चार माणसं जमणं गुन्हा झाला. आणि त्याच मराठवाड्यात त्याच हंगामात कारखान्यांनी ऊस गाळला. हा हवामानाचा दुष्काळ की बाजाराचा? दोन्ही. पण सांगताना पहिलाच सांगितला गेला.

प्रकार बदलता आला नाही की सरकार नाव बदलतं. १९६३ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने कायदा करून राज्यातल्या कायद्यांमधून 'फॅमिन' हा शब्दच काढून टाकला आणि त्या जागी 'स्कार्सिटी' घातला. दुष्काळ गेला, टंचाई राहिली. पुढे टंचाईसुद्धा जड वाटली, तेव्हा 'टंचाईसदृश' आलं, 'दुष्काळसदृश' आलं. २०१६ साली देशाच्या हवामान खात्यानेही मान्सूनबद्दल बोलताना 'ड्रॉट' म्हणणं बंद केलं आणि 'तुटीचं वर्ष' म्हणायला सुरुवात केली. आपल्याला ही खोड नवी नाही. आपलीही नावं बदलून झाली आहेत. हरिजन म्हटलं म्हणून पाणवठा उघडला नव्हता.

आता तिसरी पायरी, शेतीची. दुष्काळ आहे की नाही हे महाराष्ट्रात वर्षानुवर्षं पैसेवारीवर ठरलं. जुनी माणसं तिला आणेवारी म्हणतात. गावातल्या पिकाचा अंदाज घ्यायचा, तो पन्नास पैशांच्या आत आला की दुष्काळ. २०१६ च्या नव्या संहितेत पावसाचा खंड, जमिनीतली ओल, उपग्रहावरून दिसणारा हिरवेपणा असं बरंच काही आलं. सुधारणा आहे. पण नीट बघा, या सगळ्यात मोजलं काय जातं? पीक. ज्याच्या नावावर सातबाराच नाही, त्याचं पीक कुठून मोजणार? भूमिहीन मजुराचा दुष्काळ पैसेवारीत येतच नाही. रानात काम नाही, सुगीत कणसं वेचायला नाहीत, उसाच्या तोडीला कोयता घेऊन निघावं लागतं. याची पैसेवारी किती? २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टीने पिकं वाहून गेली, ओल्या दुष्काळाची मागणी झाली. पिकाची भरपाई सातबारा बघून मिळते. ज्याच्या रानातलं सोयाबीन गेलं त्याला थोडी का होईना मदत. ते सोयाबीन काढायला जी बाई जाणार होती, तिची मजुरीही त्याच पुरात गेली, तिची नोंद कुठल्या रकान्यात? कोरडा असो की ओला, तिच्याकडे नुकसान झाल्याचा पुरावा नाही. मुळात काही नव्हतंच, याचा पुरावा कुणी मागत नाही.

आणि मग शेवटची पायरी. विहिरीपासून तोंडापर्यंतची. या पायरीचं नाव कुठल्याही आयोगाने घेतलेलं नाही.

महाड आठवा. महाड कोकणात. तिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. सावित्री नदी शेजारून वाहते. हवामानाच्या, पाण्याच्या, शेतीच्या कुठल्याच व्याख्येत महाडला दुष्काळ बसत नाही. आणि तरी २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारो माणसं घेऊन चवदार तळ्यावर जावं लागलं, एक ओंजळ पाण्यासाठी. तळं कोरडं नव्हतं. कायदाही कोरडा नव्हता. १९२३ साली बोल्यांचा ठराव मुंबईच्या कौन्सिलात मंजूर झालेला, १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने तळं सर्वांना खुलं असल्याचा ठराव केलेला. पाणी होतं, कायदा होता, तहान होती. मध्ये फक्त माणूस उभा होता. नंतर तळं 'शुद्ध' करायला शेण-गोमूत्र-दह्याच्या एकशे आठ घागरी ओतल्या. गुराचं मूत चाललं, माणसाची ओंजळ नाही. हायकोर्टाचा निकाल आला १७ मार्च १९३७ ला. एका ओंजळीला दहा वर्षं लागली.

आता महाडहून परत आमच्या कोरड्या मुलखात या. १९०१ सालची गोष्ट, बाबासाहेबांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये लिहून ठेवलेली. लहानगा भीम भावंडांबरोबर साताऱ्याहून वडिलांकडे निघाला होता. वडील कुठे होते? खटाव तालुक्यात, सरकारने दुष्काळात माणसांना काम द्यावं म्हणून तलाव खोदायला काढला होता, त्या कामावर रोखपाल. मसूरच्या स्टेशनावर पोरं उतरली. जात कळली तसा कुणी गाडीवान बसवून घेईना. दुप्पट भाडं कबूल केलं तेव्हा एक तयार झाला, पण गाडी पोरांनी हाकायची आणि तो बाजूने चालणार. रात्री टोलनाक्यावर मुक्काम पडला. शिदोरी भरलेली होती. पाणी नव्हतं, आणि कुणी दिलं नाही. अन्न समोर असून पोरं उपाशी झोपली.

ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे, पण त्यातला दुष्काळ आपण बघत नाही. बाप दुष्काळ निवारणाच्या कामावर. सरकार हजारो माणसांच्या हातून तलाव खोदून घेतंय, कारण पाऊस नाही. आणि त्या बापाची पोरं वाटेत तहानेने तळमळताहेत, ते पाऊस नाही म्हणून नव्हे. एकाच मुलखात, एकाच रात्री दोन दुष्काळ. एकावर सरकारने काम काढलं होतं. दुसऱ्यावर काम निघालं नव्हतं.

बहात्तरच्या दुष्काळात मी आठ-नऊ वर्षांचा होतो. सुकडी खाल्लेली, मिलोच्या लाल भाकरी खाल्लेल्या. खडीच्या कामावर अख्खा गाव एका रांगेत बसायचा. पाटलाची सून आणि माझी आई एकाच ढिगावर हातोडा मारायच्या, हे गावाने पहिल्यांदा बघितलं. मोठी माणसं म्हणायची, दुष्काळानं जात मोडली. मी पाणी पाजायच्या कामावर आईच्या मागे हिंडायचो, म्हणून मला आठवतंय. हातोडे सारखे, पाट्या सारख्या, हजेरीचा मस्टर एक. डेरे दोन. मुकादमाला कुणी सांगितलं नव्हतं. सरकारी हुकूम तर नव्हताच. मांडव घातला त्या दिवशी आपोआप दोन डेरे मांडले गेले. त्या उन्हाळ्यात राज्यभर पन्नास लाखांच्या आसपास माणसं अशा कामांवर होती. त्यातून पुढे रोजगार हमीचा कायदा आला, १९७७ चा. कामाचा हक्क मिळाला ही मोठी गोष्ट, ती मी कमी लेखत नाही. त्याच सुमाराला डॉ. बाबा आढावांनी 'एक गाव एक पाणवठा' म्हणत गावं पालथी घातली, ती उगीच नव्हे. दुष्काळ माणसांना एका रांगेत बसवतो, पण एका डेऱ्यावर आणत नाही.

आई एकदा म्हणाली होती, "आभाळ कुनाच्या बापाचं न्हाय रं. पर आड हाय ना!" या वाक्यात मला सगळं शास्त्र दिसतं. आभाळापासून आडापर्यंत येता येता पाण्याला मालक मिळतो.

आता मूळ प्रश्न. संकट आणि अन्याय यांत फरक काय? दरड कोसळून माणूस मेला तर आपण संकट म्हणतो. कुणी ढकलून मेला तर अन्याय म्हणतो. संकटात दया मागायची असते, अन्यायात जाब. म्हणून नाव महत्त्वाचं. दुष्काळ नैसर्गिक आहे म्हटलं की टँकर ही कृपा होते, आणि कृपा करणारा कुणाच्या विहिरीत टँकर रिता करायचा ते ठरवतो. दुष्काळ माणसाने घडवलेला आहे म्हटलं की टँकर हे देणं होतं, आणि देणेकरी जागा ठरवू शकत नाही. 'दुष्काळ' हा एकच शब्द आभाळाच्या पायरीलाही आणि आडाच्या पायरीलाही वापरायचा, यातच लबाडी आहे. वरच्या पायरीचं निर्दोषत्व खालच्या पायरीवर पांघरलं जातं.

कुणी म्हणेल, पाऊस पडला असता तर हे भांडण झालंच नसतं, मूळ पाऊसच. याला महाड हे एक उत्तर आहे. दुसरं उत्तर पुरंदर तालुक्यातल्या नायगावचं. बहात्तरच्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी तिथे देवस्थानची पडीक जमीन घेऊन पाणी अडवलं, आणि पुढे त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. नियम साधे. पाण्याचा वाटा जमिनीवर नाही, घरातल्या माणसांवर. माणशी अर्ध्या एकरापुरतं पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. ऊस लावायचा नाही. आणि जमीन नसलेल्यालाही पाण्यावर हक्क. पुढे सांगली जिल्ह्यात येरळा नदीवर बळीराजा धरण बांधणाऱ्या लोकांनीही भूमिहीनांसह समान वाटप ही भूमिका धरली. या सगळ्या योजना टिकल्या असं नाही, आणि त्यांनी जात मोडली असंही मी म्हणत नाही. पण एक गोष्ट सिद्ध झाली. महाडला पाऊस धो-धो आणि माणूस तहानलेला. नायगावला पाऊस तुटपुंजा आणि भूमिहीनालाही वाटा. म्हणजे पाऊस आणि तहान यांना बांधणारी दोरी माणसाच्या हातात आहे. एकदा एवढं सिद्ध झालं की 'देवाची करणी' म्हणणाऱ्याने निदान लाजत म्हणावं.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. माणूस म्हणतो, माझं रान, माझा पैसा, मी सहाशे फूट बोअर मारलं, पाणी माझं. कायदाही बराच काळ त्याच्या बाजूने उभा आहे. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यापासून जमिनीखालचं पाणी जमिनीच्या मालकाचं धरलं गेलं. महाराष्ट्राने २००९ साली भूजलाचा वेगळा कायदा केला, तरी माणसाच्या डोक्यातला १८८२ गेलेला नाही. पण विचार करा. जमिनीखालचं पाणी बांध ओळखत नाही. शेजाऱ्याच्या रानात मुरलेलं, गायरानात मुरलेलं, आपल्या वस्तीच्या वळचणीखाली मुरलेलं पाणी त्याच्या बोअरमध्ये येतं. तो पाण्याचा मालक नाही, ओढण्याच्या ताकदीचा मालक आहे. आणि ज्या पाझर तलावांनी त्याच्या विहिरीला पाणी आलं, ते बहात्तरला खोदले कुणी? ज्यांची विहीर नव्हती त्यांनी. त्यांना मजुरी मिळाली आणि पाणी सातबाऱ्याला मिळालं.

तिसरा आक्षेप प्रामाणिक माणसाचा असतो. तो म्हणतो, मी कुणाला अडवलं नाही. मी स्वतः कर्जात आहे, माझीच ज्वारी जळाली. हे खोटं नाही. माणदेशातला मराठा, धनगर, माळी शेतकरी पाण्यावाचून होरपळला आहे, पोटाला मुंबई-सुरतेला गेला आहे, काहींनी गळ्याला दोर लावला आहे. त्याच्या दुःखाला हसणारा आपला नव्हे. पण दोष वेगळा आणि जबाबदारी वेगळी. पाऊस न पडणं हा त्याचा दोष नाही. रांगेत आपण पुढे उभे आहोत हे माहीत असणं आणि मागे वळून न बघणं ही मात्र त्याची जबाबदारी आहे. रांग त्याने लावली नसेल. पण रांगेचा फायदा तो रोज घेतो. ज्याला फायदा मिळतो त्याने जाब द्यायचा असतो, हा साधा व्यवहार आहे.

आणि आता आपल्यातलं बोलू. नाहीतर हा लेख लिहायचा अधिकार राहत नाही. महारवाड्याच्या आडावर मांगाची घागर चालत नव्हती, हे आपल्या आज्या-पणज्यांनी बघितलेलं आहे. ज्यांना वरून पाणी ओतलं जात होतं, त्यांनीही खाली कुणाला तरी वरूनच ओतलं. बाबासाहेब ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हणतात, ती पाण्यात जेवढी उघडी दिसते तेवढी कुठेच दिसत नाही. प्रत्येक मडक्यावर एक मडकं, अशी ही उतरंड. आणि घरात? टँकरमागे धावणारी कोण? रात्री दोनला झऱ्याशी वाटीने पाणी खरवडणारी कोण? पुरुषाची आंघोळ झाली, पोरांना पाजलं, शेळीला दाखवलं, मग तळाला उरलं ते तिचं. महाडला पाण्याचा हक्क मिळवला तो तिच्याही नावाने मिळवला होता. दलित पुरुषाने माठातलं पाणी आयतं पिताना हे आठवायला हरकत नाही.

आज मला लोक सांगतात, आता कोण अडवतं? घरोघर नळ आले. २०१९ पासून जलजीवन मिशन आहे, माणशी रोज पंचावन्न लिटरचं माप आहे. राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात विहिरी, तलाव, घाट स्पष्ट लिहिलेत. उरमोडीचं पाणी माणात आलं. सगळं खरं. नळ आमच्याही वस्तीत आहे. फक्त पाइप गावठाणातून सुरू होतो आणि आमच्या वस्तीत संपतो. मधल्या घरांनी मोटर लावली की आमच्याकडे तोटीतून वारा येतो. कुणी अडवत नाही. पूर्वी काठी घेऊन माणूस उभा असायचा, त्याला नाव होतं, त्याच्यावर केस करता यायची. आता पाइपाचा उतार अडवतो, आणि उताराला जात नसते असं इंजिनियर सांगतो. पण वस्ती गावाच्या कुठल्या टोकाला असावी हे कुणी ठरवलं होतं? पाइप त्याच जुन्या नकाशावर टाकला. टाकणाऱ्याच्या मनात वाईट नसेलही.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात श्रमखात्याचे सदस्य होते, आणि त्या खात्यात पाणी आणि वीज होती. दामोदर खोरं, हिराकूड, १९४५ सालचा केंद्रीय जलआयोग, या सगळ्यांमागे त्यांचं काम आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरात कटकच्या परिषदेत त्यांनी मांडलं की पाणी ही लोकांची संपत्ती आहे, ते कुठे कमी कुठे जास्त येणार म्हणून निसर्गावर रडत बसण्यापेक्षा ते साठवून वापरलं पाहिजे. १९०१ च्या त्या रात्री ज्याला घोटभर पाणी मिळालं नाही, तो माणूस देशाच्या नद्यांचा विचार करत होता. पण मला त्यातून वेगळं दिसतं. त्यांनी पाण्याकडे वरून आणि खालून दोन्हीकडून बघितलं. धरणाकडून बघितलं तसं टोलनाक्यावरच्या तहानलेल्या पोराकडूनही बघितलं. आपल्या जलनीतीने वरून बघायचं तेवढं घेतलं. खालून बघायचं राहिलं.

म्हणून माझं म्हणणं थोडकं आहे. दुष्काळ मोजायची सुरुवात आभाळाकडून करू नका, तोंडाकडून करा. पर्जन्यमापक ठेवा, पैसेवारी ठेवा, उपग्रहही ठेवा. पण गावात दुष्काळ आहे की नाही हे ठरवताना पहिला रकाना हा असू द्या, की गावातला शेवटचा हंडा कुठल्या वस्तीत, किती वाजता आणि कुणाच्या हाताने भरला. हे मोजायला शास्त्रज्ञ लागत नाही. ग्रामसभेत उठून विचारता येतं, वहीत लिहून ठेवता येतं. टँकर कुठे रिता झाला, किती वाजता, वस्तीत पाणी किती वेळ आलं. तारखेनिशी. उन्हाळाभर लिहिलेली अशी वही तहसीलदाराच्या टेबलावर ठेवली, तर त्याला ती टंचाईसदृश म्हणून बाजूला सारता येणार नाही.

आपल्या प्रत्येक वस्तीतल्या शिकलेल्या पोरापोरींनी यंदाच्या उन्हाळ्यात ही वही घालावी. आणि त्या वहीत मांगवाड्याचं, नव्याने येऊन राहिलेल्या पालांचं, आणि घरातल्या बाईचं पाणी आधी लिहावं. पाऊस किती पडला ते सरकार लिहितंच आहे. पाणी कुणापर्यंत पोचलं नाही, ते आपल्यालाच लिहावं लागणार.